वारा खरा सांगायचा

डब्लिनमध्ये बसून ज्या मंडळींनी आमच्या हातापायांनी खेळायच्या देशी फुटबॉलचे नियम बदलले, त्यांचं देव भलं करो. दर शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की मी त्यांच्यासाठी एक मेणबत्ती लावते. नावं मला ठाऊक नाहीत, पण ज्याच्यासमोर लावते त्याला ठाऊक असतील. माझी शेजारीण डिम्फना हसते. म्हणते, अट्रॅक्टा, गेल्या हिवाळ्यात याच लोकांना तू कोणकोणत्या शिव्या घातल्यास ते मी विसरलेली नाही. घातल्या होत्या, नाही कोण म्हणतंय? मला कोणी आमच्या खेळात हात घातलेला खपत नाही. दरवर्षी काहीतरी नवं काढतात, पुढच्या वर्षी म्हणतील चेंडू चौकोनी करा.

पण आधी माझ्या दोन दिवट्यांबद्दल सांगते, म्हणजे मेणबत्ती कशासाठी ते कळेल.

थोरला फर्गस. लग्न केलं नाही, माझ्याजवळ राहतो, गुरं बघतो आणि आमच्या किलब्रॅकन गावच्या टीमचा कप्तान आहे. गोलसमोर उभा राहिला की त्याच्या बाजूने वासरूसुद्धा निसटत नाही. धाकटा काहल. तो बायकोच्या गावी, तळ्यापलीकडे ड्रमलाहनला राहतो. इथून पावाचा ट्रे गरम गरम निघाला तर तिथे पोचेपर्यंत गरमच राहील, एवढं जवळ. आणि सात वर्षं हे दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

जमिनीवरून भांडण असतं तर मी वकिलाकडे गेले असते. दारूवरून असतं तर फादरकडे नेलं असतं. यांचं भांडण फुटबॉल कसा खेळायचा यावरून होतं, आणि त्यावर आमच्या लेट्रिम जिल्ह्यात औषध नाही.

झालं असं की, आमच्या गावची अर्धी पोरं सिडनीला आणि उरलेली डब्लिनला. पंधरा जण जमवताना जीव मेटाकुटीला यायचा. दरवर्षी मार खायचो. फर्गस कप्तान झाला आणि त्याने एक पद्धत बसवली. चेंडू समोरच्यांकडे गेला की आपले पंधराच्या पंधरा जण मागे यायचे आणि गोलसमोर भिंत उभी करायची. चेंडू आपल्याकडे आला की किक मारायची नाही. हाताने याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून ह्याच्याकडे, आडवा आडवा फिरवत राहायचा, समोरच्यांना कंटाळा येईपर्यंत. आम्ही हरायचं थांबलो, हे खरं. त्याचं श्रेय मी त्याला देते, आई म्हणून नाही, न्याय म्हणून देते. पण बघायला म्हणाल तर गाय रवंथ करते ते बघायला जास्त मजा येते. डिम्फनाने एका मॅचमध्ये स्वेटरची अख्खी बाही विणली आणि तिचा एकही टाका चुकला नाही.

आणि काहल म्हणजे डाव्या पायाचा जादूगार. तो चालायला लागला तेव्हापासून किक मारतोय. माझ्या कपड्यांच्या दोरीवरून, गोठ्याच्या छपरावरून, एकदा तर पोस्टमनच्या डोक्यावरून. त्याला फर्गसने सांगितलं, तू पण मागे ये, आणि लांबून मारायचं नाही, हातानेच द्यायचा. काहलने दोन हंगाम दात-ओठ खात सहन केलं. मग एका संध्याकाळी सरावात त्याने सगळ्यांसमोर लांबून किक हाणली, ती दोन खांबांच्या मधोमध दांडीवरून गेली, म्हणजे हक्काचा एक गुण, आणि फर्गसने त्याला मैदानाबाहेर काढलं. म्हणाला, सर्कस करायची असेल तर तंबूत जा.

काहल गेला. तंबूत नाही, ड्रमलाहनला. त्यांच्याकडून खेळायला लागला.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडे माणसाने बायको सोडली तर लोक दोन वर्षांत विसरतात. गावची टीम सोडली तर त्याच्या नातवालाही ऐकवतात. माझ्याच दाराशी एका बाईने मला विचारलं, तुमचा धाकटा आता कोणाचा? मी म्हटलं, माझा. आणि दार लावून घेतलं.

त्याच हिवाळ्यात ल्यूक गेला, माझा नवरा. आमच्याकडे शवपेटी खांद्यावर घेताना पुढचे दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात, म्हणजे तोल राहतो. पुढे दोघं मुलगे असायला हवे होते. फर्गस पुढे राहिला, काहल मुद्दाम मागे गेला. ल्यूकची पेटी चर्चपासून दफनभूमीपर्यंत गेली ती दोन परक्या माणसांच्या खांद्यावरून गेल्यासारखी गेली. मी त्या दिवशी रडले, ते सगळं काही ल्यूकसाठी नव्हतं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कबरींचा रविवार असतो. सगळं गाव दफनभूमीत जमतं, ज्याचं कुटुंब त्याने आपापल्या कबरीभोवती उभं राहायचं, फादर फिरून पवित्र पाणी शिंपडतात. त्या दिवशी माझ्या दोन्ही मुलांनी बापाच्या कबरीपाशी एकाशेजारी एक उभं राहावं. बस. दरवर्षी फर्गस माझ्या बाजूला उभा राहायचा, आणि काहल पलीकडे, माझ्या दिराच्या कबरीच्या दगडाला टेकून, खिशात हात घालून. प्रार्थना संपली की माझ्या गालाचा मुका घ्यायचा आणि गाडीत बसायचा. ल्यूकच्या कबरीत एक जागा माझी आहे. मी काही अमरपट्टा बांधून आलेले नाही. मला वाटायचं, माझ्या वेळीही हे दोघं एक पुढे नि एक मागे असेच असणार.

आता नियमांचं सांगते. गेल्या वर्षी ते जाहीर झाले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात फर्गसने पेपर टेबलावर असा आपटला की दुधाचं भांडं कलंडलं. पहिला नियम, तीन खेळाडूंनी कायम मैदानाच्या पुढच्या अर्ध्यातच राहायचं, सगळ्यांनी मागे येऊन भिंत करायची नाही. म्हणजे त्याची पद्धत मोडीत. दुसरा, गोलसमोर एक मोठी कमान आखायची, तिच्या बाहेरून किक मारून दांडीवरून चेंडू घातला तर एकाऐवजी दोन गुण. म्हणजे काहलसारख्यांची चंगळ. फर्गस म्हणाला, हे नियम आपल्याच घरातल्या कोणीतरी लिहून पाठवलेले दिसतात. मी दूध पुसत राहिले.

तिसऱ्या नियमाकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही. पूर्वी कसं, आपल्या हातून चूक झाली, पंचाने शिट्टी मारली, की चेंडू मुद्दाम लांब भिरकावून द्यायचा किंवा पोटाशी धरून बसायचं. तेवढाच वेळ मिळतो. फर्गस तर त्यात पीएचडी. आता म्हणे, चेंडू समोरच्याला नीट हातात द्यायचा. नाही दिला तर पंच तो पन्नास मीटर पुढे नेणार. मी डिम्फनाला म्हटलं, आता यांना जेवणाआधी हात धुवायलाही पंचच शिकवणार वाटतं. तीच ती शिवी, जिची ती मला आठवण करून देते.

किलब्रॅकन आणि ड्रमलाहनची मॅच कबरींच्या रविवारच्या आदल्या दिवशी आली. आमच्याच मैदानावर. सकाळी बारीक पाऊस पडून गेला होता, गवत ओलं. मी नि डिम्फना बांधावर नेहमीच्या जागी, थर्मास आणि हॅम सँडविच घेऊन. तळ्याकडच्या गोलमागे जी मोठी झाडं होती ती जानेवारीच्या वादळात आडवी झाली होती. नुसते बुंधे उरलेत. माझ्या डोळ्यांना अजून ते उघडं उघडं दिसतं.

फर्गस काहलच्या मागे सावलीसारखा. एकदा काहलला त्याने खाली पाडलं, शिट्टी झाली, आणि जुन्या सवयीने चेंडू घेऊन फर्गसने बांधाकडे फेकला. पंचाने शांतपणे पन्नास मीटर मोजले. काहलने पुढून अलगद एक गुण घेतला. आमच्या मागे बॉस्को उभा होता, तो टीम निवडणाऱ्यांतला, आवाज लांबच्या कुत्र्याला हाक मारल्यासारखा. तो ओरडला, फर्गस, नियम वाचलेस की दुधात बुडवलेस? मी मागे वळून बॉस्कोकडे असं बघितलं की तो पुढे निदान दहा मिनिटं तरी गप्प होता.

शेवटी शेवटी आम्ही एका गुणाने पुढे होतो. वेळ संपत आलेली. काहल तळ्याकडच्या गोलसमोर चेंडू घेऊन कमानीच्या बाहेर वळला, फर्गसचा हात त्याच्या मानेवर पडला, दोघं चिखलात. शिट्टी. आणि चेंडू कुठे, तर फर्गसच्या हातात.

फेकला, तर चेंडू पुढे नेतील आणि काहलला हवं तिथून मारता येईल. दिला, तर काहल इथूनच मारणार, गेला तर दोन गुण, आणि आम्ही हरलो. माझ्या हातातलं सँडविच तसंच. मला मॅचची पडली नव्हती, देवाशपथ. माझी दोन मुलं सात वर्षांत पहिल्यांदा एका हाताच्या अंतरावर समोरासमोर होती, आणि एकाला दुसऱ्याच्या हातात काहीतरी द्यायचं होतं.

फर्गस उठला. त्याने चेंडू छातीशी धरला. मला वाटलं, आता हा तसाच धरून बसतो. पण त्याने तो आपल्या जर्सीवर घासला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. चांगला कोरडा केला. मग काहलच्या हातात ठेवला, आणि काहीतरी बोलला.

मी बांधावरून पुढेच सरकले. डिम्फनाने मला दंडाला धरलं.

घरामागच्या शेतात ल्यूकने या दोघांसाठी दोन खांब रोवले होते. एकाने किक मारायची, दुसऱ्याने गोलमागे थांबून चेंडू आणायचा, आणि मग अदलाबदल. ल्यूकचा नियम होता. चेंडू आणणाऱ्याने तो स्वेटरला पुसून द्यायचा आणि वारा सांगायचा, कारण गोलमागे उभ्या असलेल्याला वारा कळतो, मारणाऱ्याला कळत नाही. आणि वारा खरा सांगायचा. एकदा फर्गसने गंमत म्हणून खोटा सांगितला, काहलचा चेंडू थेट शेणाच्या खड्ड्यात, तर ल्यूकने फर्गसला तो काढायला लावला नि आठवडाभर खांबांना हात लावू दिला नाही. खेळात पाडापाडी कर, धक्के मार, म्हणाला, पण भावाला खोटा वारा सांगायचा नाही.

काहलने किक मारली. मी ती बघितलीच नाही. मी फर्गसकडे बघत होते, तो गोलकडे पाठ करून उभा होता. बॉस्कोची आरोळी ऐकली तेव्हा वर बघितलं. गोलपाशी पांढऱ्या कोटातला गोलपंच दोन्ही हात आडवे हलवत होता. डाव्या खांबाच्या बाहेरून. हुकला. आम्ही जिंकलो.

त्यानंतर फर्गसला लोकांनी उचलून घेतलं. बॉस्को सगळ्यांना सांगत सुटला की बघा, कप्तानाने चेंडू हातात दिला आणि कानात वारा उलटा सांगितला, गंडवलं भावाला, याला म्हणतात डोकं. पबमध्ये हीच गोष्ट. फर्गस एक ग्लास पिऊन घरी आला. मी बटाटे सोलत होते.

मी विचारलं, काय सांगितलंस त्याला?

"वारा सांगितला," तो म्हणाला. "झाडं पडल्यापासून तळ्याकडून तिरका येतो. खाली कळत नाही, वर डावीकडे ओढतो. उजव्या खांबाच्या बाहेर धर म्हटलं."

"मग त्याने सरळ का मारली?"

तो बूट काढत होता. एक काढला, दुसरा तसाच. "त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, आई."

मी सुरी खाली ठेवली. त्याच्या केसांत चिखल होता, मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एवढा दांडगा बाप्या, पण हात झटकला नाही. म्हणाला, गाव म्हणतंय मी खोटं सांगितलं. त्याचं मला काही नाही. पण काहललाही तसंच वाटत असेल तर? मी म्हटलं, चेंडू कुठे गेला ते त्याने डोळ्यांनी बघितलंय. तुझा धाकटा भाऊ हट्टी आहे, आंधळा नाही. म्हणायला म्हटलं. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता.

रविवारी ऊन होतं. मी कबरीवर ताजे खडे टाकून घेतले होते, कुंडीत लाल जिरॅनियम. फर्गस माझ्या बाजूला, इस्त्रीच्या शर्टात, खड्यांकडे बघत. फादरांनी रोझरीची जपमाळ सुरू केली तरी काहलचा पत्ता नाही. पहिले दहा मणी झाले. मी मनात म्हटलं, ल्यूक, काहीतरी कर रे बाबा, नुसता पडून राहू नकोस.

फाटक वाजलं. काहल आणि त्याची बायको ग्रॉन्या. ती माझ्याकडे आली. तो माझ्या दिराच्या दगडापाशी पोचला, नेहमीच्या जागी. थांबला. खिशातून हात काढले. मग कबरींच्या मधून वाट काढत आला आणि फर्गसच्या शेजारी उभा राहिला. खांद्याला खांदा. दोघंही समोर ल्यूकच्या नावाकडे बघत होते. रोझरी चालूच होती. मी 'नमो मरिया' म्हणत होते, आणि शब्द कुठून कुठे जात होते ते मला कळत नव्हतं.

काहल पुटपुटला, "तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं," फर्गस म्हणाला.

"मला वाटलं तू..."

"ठाऊक आहे काय वाटलं. गप्प बस, फादर बघतायत."

फादर आले, पाणी शिंपडलं. माझ्या चष्म्यावर थेंब पडले ते फार बरं झालं, मला चष्मा काढून डोळे पुसायला कारण मिळालं.

प्रार्थना संपली आणि हा बॉस्को आलाच की, मागे पाच-सहा जण घेऊन. दफनभूमीत निदान आवाज तरी कमी करावा माणसाने. त्याने काहलच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, काय रे, सख्ख्या भावाने मामा बनवलं की नाही काल? उलटा वारा सांगून?

सगळे वळून बघायला लागले. फर्गसने मान वर केली. माझा हा मुलगा चेंडू दडवेल, जर्सी ओढेल, पण बापाच्या कबरीसमोर खोटारडा म्हणवून घेणार नाही. त्याने तोंड उघडलं. मला कळलं, हा आता खरं सांगणार. म्हणजे भर मॅचमध्ये, एका गुणाने पुढे असताना, आपल्या गावच्या कप्तानाने ड्रमलाहनला खरा वारा सांगितला. किलब्रॅकनमध्ये पुढच्या तीन पिढ्या त्याला तोंड दाखवता आलं नसतं.

काहलनेही ते ओळखलं. त्याने फर्गसच्या खांद्यावर हात टाकला, पेटी उचलताना टाकतात तसा, पूर्ण पलीकडच्या खांद्यापर्यंत.

"बनवलं," तो मोठ्याने म्हणाला. "पुरतं बनवलं मला. असा लबाड भाऊ कोणाला मिळू नये."

सगळे हसले. बॉस्को तर एवढा खूश झाला की त्याने शेजारच्या दगडाला टाळी दिली. फर्गस अजूनही तोंड उघडून उभा होता, "नाही पण मी..." एवढं त्याच्या तोंडून निघालंसुद्धा. मी माझ्या चांगल्या बुटाची टाच त्याच्या पायावर ठेवली आणि सगळं वजन टाकलं.

त्याने तोंड मिटलं. दुपारी दोघंही माझ्या टेबलावर जेवायला बसले, आणि फर्गस अजून थोडा लंगडत होता.